पाहुण्यांचं घड्याळ

कृष्णकांत पिंपळखुटे यांच्या डोक्यात दोन घड्याळं होती. एक साधं, जगाचं. दुसरं पाहुण्यांचं. नागपूर जिल्ह्यात तीस वर्षं खेळाच्या बातम्या लिहून हे दुसरं घड्याळ इतकं पक्कं बसलं होतं की निमंत्रणपत्रिकेवर छापील वेळ वाचली की खरी वेळ त्यांना आपोआप कळायची. सामना चारला आणि पाहुणा नगरसेवक, तर पाच. आमदार असेल तर साडेपाच. मंत्री असेल तर घरून जेवूनच निघायचं, कारण तोवर खेळाडूही वडापाव खाऊन, उलट्या टोप्या घालून सावलीत झोपलेले असतात.

या पाहुणे नावाच्या जमातीने त्यांचा जीव अगदी मेटाकुटीला आणला होता. तरुणपणी ते 'दैनिक मध्यविदर्भ'मध्ये मुद्रितशोधक म्हणून चिकटले. खेळाचं पान बघणारा माणूस कावीळ होऊन पडला, म्हणून यांना तात्पुरतं त्या खुर्चीवर बसवलं, आणि ते तात्पुरतं आता निवृत्तीपर्यंत आलं होतं. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं होतं, आपण मैदानावरची धाव लिहू, चढाई लिहू, हरलेल्या पोराचा चेहरा लिहू. हातात काय यायचं? मंडळांच्या प्रेसनोट. त्यात वरपासून खालपर्यंत 'यांच्या शुभहस्ते', 'यांच्या प्रमुख उपस्थितीत', 'यांच्या अध्यक्षतेखाली', आणि अगदी तळाला, जाता जाता सांगावं तसं, सामना कोणी जिंकला ते. त्यात पेपरची जगजाहीर रीत अशी की जागा कमी पडली की बातमी खालून कापायची. म्हणजे पाहुणे शाबूत आणि खेळाडू कात्रीत.

कृष्णकांतांनी मग प्रत्येक प्रेसनोट उलटी करून लिहायला सुरुवात केली. खेळाडू वर, पाहुणे तळाला. कात्री आली की पाहुण्यांवर. गावभर बोंब झाली. फोटोच्या खाली 'डावीकडून' म्हणून जी नावं छापतात, त्यात आपलं नाव नाही म्हणून एका मंडळाचे उपाध्यक्ष थेट कचेरीत येऊन बसले होते. "फोटोत माझं अर्धं डोकं आहे," ते म्हणाले, "मग नाव काहून नाही?" कृष्णकांत म्हणाले, "अर्ध्या डोक्याचं अर्धं नाव छापू का?" त्या उपाध्यक्षांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं, ते आजतागायत.

तेवढ्यावर समाधान झालं नाही, म्हणून त्यांनी दर सोमवारी पानाच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट सुरू केली. नाव 'पाहुण्यांचं घड्याळ'. कोणत्या सामन्याला कोणता पाहुणा किती उशिरा आला आणि तोवर किती खेळाडू ताटकळत बसले, बस्स. टीका नाही, टोमणा नाही. लोक सोमवारी आधी ती चौकट वाचायचे. पाहुणे मात्र तितक्याच उशिरा येत राहिले. एक आमदार चौकटीच्या धसक्याने एकदा वेळेवर पोचले, तर मैदानावर आयोजकच नव्हते. कृष्णकांतांनी तेही छापलं.

आता जानेवारी संपला की ते निवृत्त होणार होते. जिल्ह्यातल्या यच्चयावत मंडळांनी त्यांच्या सत्काराचा घाट घातला, आणि त्यांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं होतं. "माझा सत्कार करायचा असेल तर आधी एक सामना वेळेवर सुरू करून दाखवा." ही अट कोणालाच झेपली नव्हती.

त्या रविवारी खो-खोच्या जिल्हा स्पर्धेचा मुलींचा अंतिम सामना होता. वेळ तीन. आयोजक नवप्रभात क्रीडा मंडळ, आणि अंतिम फेरीत एका बाजूला नवप्रभातचाच संघ. दुसऱ्या बाजूला नरखेड तालुक्यातल्या एका शाळेच्या पोरी. संत्र्याच्या बागांमधून वाट काढत जावं लागतं अशा त्या गावात धड मैदान नाही. पोरी शाळेमागच्या पडीत दोन लाकडी खांब ठोकून खेळतात आणि त्यांना माया सोमकुवर नावाची शिक्षिका शिकवते. जिंकणारा संघ विदर्भ स्पर्धेला जाणार होता. हरणारा घरी.

मायाने सकाळीच फोन करून बाराही मुलींची नावं त्यांना सांगितली होती. "सर, मी विद्यापीठाकडून खेळली तेव्हा पेपरात आमच्या संघाचं नाव आलं होतं, आमचं नाही आलं. या पोरींचं येईल नं? बाराच्या बारा?"

"मी असेपर्यंत येईल," कृष्णकांत म्हणाले होते.

दुपारी जेवण झाल्यावर ते खाटेवर आडवे झाले. प्रेमलताबाई दोनदा येऊन बघून गेल्या.

"अहो, निघा नं आता. तीनचा आहे सामना."

"तीनचा म्हणजे साडेचारचा. नवप्रभातवाले आहेत ते. पाहुणा सांगून नाही राहिले, म्हणजे कोणीतरी बडा असेल."

"आज तरी वेळेवर जा."

"काहून? आज काय माझी मुंज आहे?"

प्रेमलताबाईंनी खुंटीला इस्त्रीचा नवा सदरा अडकवला. कृष्णकांत चिडले. खो-खो बघायला धुळीत जायचं, तिथे नवा सदरा कशाला! त्यांनी रागाने जुनाच, खिशावर शाईचा डाग असलेला सदरा घातला आणि पुन्हा आडवे झाले. बाई म्हणाल्या, "मी हळदीकुंकवाला चालली," आणि ठेवणीतली काठाची साडी नेसून शेजारणीच्या गाडीतून गेल्या. संक्रांतीचे दिवस होते, कृष्णकांतांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

सव्वातीनला नवप्रभातचे सचिव अनंतराव यांचा फोन आला. "सर, निघाले का?"

"तुमचे पाहुणे आले का?"

"नाही सर. अजून नाही आले."

"मग मी येऊन काय करू? तुमच्या खुर्च्या मोजू? पाहुणे आले की फोन करा."

पलीकडे अनंतराव घुटमळले. "सर, पण तुम्ही आले असते तर..."

"अनंतराव, तीस वर्षं मी तुमच्या मंडपात बसून पाहुण्यांची वाट पाहिली. आता पंधरा दिवस राहिले. आता मले घरी पडून वाट पाहू द्या." त्यांनी फोन ठेवला आणि कूस बदलली. आपण फार खमकं उत्तर दिलं असं त्यांना वाटलं.

थोड्या वेळाने पुन्हा अनंतराव. पुन्हा तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा फोन आला तो मात्र मायाचा.

"सर, तुम्ही कुठे आहे? पोरी अडीचपासून तयार होऊन बसून आहेत. अंग गरम केलं, पुन्हा थंडं झालं, पुन्हा गरम केलं. हे लोक सामनाच सुरू करून नाही राहिले. पाहुणे येतीन मंगच नारळ फुटन म्हणते."

"कोण पाहुणा आहे?"

"नाव सांगून नाही राहिले. नुसते हासून राहिले. सर, अंधार पडला तं हे लोक नाणं उडवून मोकळे होतीन. त्यांच्या नियमात आहे तसं. तुमी आले तं तुमच्या पेपरच्या धाकानं तरी सुरू करतीन."

कृष्णकांत ताडकन उठले. आता हद्द झाली होती. पोरी थंडीच्या दिवसात हाफपँटवर बसल्या आहेत आणि हा कोण टिकोजीराव आपल्या सवडीने येणार? "निघालो मी," ते म्हणाले. "आणि तो कोण आहे ते पाहतोच. उद्याच्या चौकटीत त्याचं पूर्ण नाव छापतो, बापाच्या नावासकट."

स्कूटर काढली, तर पतंगांच्या मांज्यामुळे पोलिसांनी उड्डाणपूल बंद केलेले. पुलाखालून गेले, तर सिमेंटचा रस्ता खोदलेला. बाजूच्या गल्लीत घुसले, तर तिथे लग्नाचा मांडव आडवा. एक पोरगा पतंगामागे धावत थेट स्कूटरसमोर आला. कृष्णकांत त्याला ओरडले, महानगरपालिकेला ओरडले, मांडववाल्याला ओरडले. आणि प्रत्येक वळणावर त्या अज्ञात पाहुण्याच्या नावाने बोटं मोडत राहिले. वाटेतच त्यांनी चौकटीचं पहिलं वाक्यसुद्धा मनात जुळवून टाकलं होतं.

मैदानाच्या फाटकात शिरताना ऊन पिवळं झालं होतं. मांडवात खुर्च्या भरलेल्या. मैदानाच्या कडेला नरखेडच्या पोरी जर्सीवर स्वेटर चढवून मातीत बसल्या होत्या. त्यांची कप्तान रीना पिंढरी चोळत होती. खांबाजवळ पंच हाताची घडी घालून उभे. कृष्णकांतांनी स्कूटर जवळजवळ मांडवातच घातली.

"कुठाय तो पाहुणा?" ते गरजले. "आला का नाही अजून?"

अनंतराव हात जोडून धावत आले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचा आनंद ओसंडून वाहत होता. "आले सर! आले!" त्यांनी मागे वळून हात उंचावला आणि ढोल-ताशा सुरू झाला. व्यासपीठावरचा पडदा सरकला. मागच्या फलकावर कृष्णकांतांचा मोठा फोटो होता, त्यांच्या लग्नातला, मुंडावळ्या पुसून टाकलेला. खाली अक्षरं: 'क्रीडा पत्रकारितेचे भीष्माचार्य यांचा भव्य हृद्य सत्कार.' पहिल्या रांगेत काठाच्या साडीत प्रेमलताबाई बसल्या होत्या आणि नवऱ्याच्या सदऱ्यावरच्या शाईच्या डागाकडे बघून कपाळाला हात लावत होत्या.

कृष्णकांतांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि कानशिलं तापली. तीन वेळा आलेला फोन आठवला. 'पाहुणे आले की फोन करा.' घरी खाटेवर लोळत आपण ज्याची वाट पाहत होतो तो पाहुणा खाटेवर लोळत होता. असं गाढव तीस वर्षांत एकही पाहुणा ठरला नव्हता.

"अहो, हे काय केलं तुम्ही!" ते अनंतरावांवर उखडले. "मले सांगायचं होतं नं!"

"सर, सांगितलं असतं तर तुम्ही आले असते का?"

माया शेजारी येऊन उभी राहिली होती. तिने फलकाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"तुमीच होते का सर?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. कृष्णकांतांना अंगातला सदरा काढून तोंड झाकावंसं वाटलं.

"माया, दोन मिनिटं. मी वर जातो, हार घालून घेतो, खाली येतो. पोरींले उभ्या कर."

पण वर गेलेला माणूस दोन मिनिटांत खाली येतो हा त्यांचा भ्रम होता, आणि तीस वर्षं खालून बघणाऱ्याला तो व्हावा हे नवलच. दीपप्रज्वलन झालं. वाऱ्याने दिवा विझला, पुन्हा झालं. स्वागतगीत झालं, चारही कडव्यांचं. अनंतरावांनी प्रास्ताविकात नवप्रभातची स्थापना, जागेचा वाद आणि पाण्याच्या टाकीचा प्रश्न घेतला. मानपत्राचं वाचन सुरू झालं. 'हे तपस्वी, हे लेखणीच्या शिलेदारा...' कृष्णकांत खुर्चीत चुळबुळत होते. त्यांची नजर मैदानावर. रीना उभी राहिली, दोन उड्या मारल्या, कोणी शिट्टी फुंकत नाही हे बघून परत बसली. नवप्रभातच्या मुली मात्र मंडळाच्या खोलीत आरामात होत्या. त्यांना कार्यक्रमपत्रिका ठाऊक होती.

ते पुढे वाकून अनंतरावांच्या कानाशी लागले. "अनंतराव, सामना सुरू करा. उजेड चालला."

"हो सर. फक्त सहा मनोगतं."

"सहा?"

"सगळे तुमच्यावरच बोलणार आहेत सर," अनंतराव त्यांना धीर दिल्यासारखे म्हणाले.

कृष्णकांत उठून माइकपाशी गेले. "सत्कार पुरे," ते म्हणाले. "आधी सामना सुरू करा." मांडव टाळ्यांनी दणाणला. माइकवाला म्हणाला, "पाहा! सत्काराच्या क्षणीसुद्धा सरांना खेळाचाच ध्यास!" पुन्हा टाळ्या. कोणीतरी त्यांना खांद्याला धरून प्रेमाने माइकपासून मागे ओढलं. शाल पांघरली. हातात श्रीफळ दिलं. पेपरचा फोटोग्राफर रोशन व्यासपीठाच्याच कडेला, मैदानाकडे कॅमेरा करून ओरडला, "सर, इकडे! थोडं हसा!" ते हसले नाहीत. फ्लॅश पडला, आणि त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं.

ते संतापले होते, पण या संतापाला दिशाच नव्हती. ज्याच्यावर ओरडावं तो त्यांना हार घालत होता. लाथ कोणाला मारणार? आणि मग त्यांचं लक्ष मांडीवरच्या नारळाकडे गेलं.

नारळ फुटल्याशिवाय या जिल्ह्यात कोणताही पंच शिट्टी फुंकत नाही. आणि नारळ पाहुण्याने फोडायचा. आज पाहुणा कोण?

पहिलं मनोगत रंगात आलं असताना कृष्णकांत शाल सावरत उठले आणि व्यासपीठाच्या मागच्या पायरीने उतरले. लोकांना वाटलं, लघुशंकेला निघाले. ते तरातरा मैदान ओलांडून खांबापाशी गेले. सत्काराचं श्रीफळ दोन्ही हातांनी उचललं आणि खांबाच्या बुडाशी असलेल्या दगडावर दाणकन आपटलं. पाणी त्यांच्याच चपलेवर उडालं.

"फुटला नारळ," ते पंचांना म्हणाले. "पाहुण्यांच्या हस्ते फुटला. आता फुंका शिट्टी."

पंचांनी व्यासपीठाकडे पाहिलं, फुटलेल्या नारळाकडे पाहिलं. रीत तर पुरी झाली होती. त्यांनी शिट्टी फुंकली. माइकवरचे वक्ते तसेच बोलत राहिले, पण मांडवातले निम्मे लोक उठून मैदानाच्या कडेला आले होते. माया पोरींना ओरडून उठवत होती. "स्वेटर काढा गं! पळा!"

सामना असा झाला की कृष्णकांत सगळं विसरले. नवप्रभातच्या मुली उंच, दमदार, चांगल्या बुटातल्या. नरखेडच्या पोरींच्या आखडलेल्या पायांना पहिल्या पाळीत गतीच मिळेना. दुसऱ्या पाळीत अंग मोकळं झालं. तिसऱ्या पाळीत बारकी मेघा आठ जणींच्या रांगेतून अशी सटकत राहिली की पाठलाग करणाऱ्या एकमेकींवर आदळल्या. पहिला डाव संपला तेव्हा नरखेड तीन गुणांनी मागे, तिसरी पाळी संपली तेव्हाही मागेच. आणि चौथ्या पाळीला, पाठलाग नरखेडचा असताना, सूर्य शेजारच्या बहुमजली इमारतीमागे गेला तो गेलाच.

मैदानाला दिवे नव्हते. मांडवाला होते, रंगीत माळांचे. नरखेडने एकामागून एक गडी बाद केले. बरोबरी झाली. आता पोरींच्या पाठीवरचे आकडे दिसत नव्हते, नुसते आकार धावत होते आणि 'खो! खो!' ऐकू येत होतं. शेवटची पळणारी खांबाकडे वळली. रीनाने तिच्या मागून सूर मारला, लांबच लांब, छातीवर. धप्प आवाज आला. त्यातच वेळ संपल्याची शिट्टी वाजली.

"लागला!" रीना मातीतून ओरडली. "हात लागला, सर! टाचेले लागला!"

"नाही लागला," पळणारी म्हणाली.

दोन्ही पंच खांबापाशी आले. एकाने दुसऱ्याला विचारलं. दुसऱ्याने मान हलवली. कोणालाच काही दिसलं नव्हतं. मग माया कृष्णकांतांकडे धावत आली. तिला खात्री होती. तीस वर्षं खेळ बघणारा माणूस खांबापासून चार हातांवर उभा होता.

"सर, तुमाले तं दिसलं असन. लागला नं?"

कृष्णकांतांनी डोळे फाडून पाहिलं होतं. पापणीसुद्धा लववली नव्हती. त्यांना अंधारात एक आकार दुसऱ्या आकारावर झेपावताना दिसला होता, बस तेवढंच. हो म्हणावं असं त्यांना फार वाटलं. जिभेवर आलंही होतं.

"नाही दिसलं, माया," ते म्हणाले. "अंधार होता."

बाद दिला नाही. बरोबरी. जादा डाव खेळवायला उजेड नव्हता, म्हणून नियमाप्रमाणे नाणेफेक. पंचांनी नाणं उडवलं, ते मातीत पडलं, आणि छाप की काटा ते कोणालाच दिसेना, म्हणून कोणीतरी मोबाईलचा दिवा लावला. चार डोकी वाकली. नवप्रभात विदर्भ स्पर्धेला गेलं. रीना नाण्याकडे बघत उभी राहिली, मग तिने स्वेटर उचलला आणि पोरींबरोबर शेवटच्या एस्टीसाठी निघाली. जाताना वाकून कृष्णकांतांच्या पाया पडली. मोठ्या माणसाच्या पाया पडायचं असं शाळेत शिकवलेलं असतं. ते त्यांना सगळ्यात असह्य झालं.

कचेरीत येऊन त्यांनी बातमी लिहिली. वर मुली, बाराच्या बारा. मग सामना. तळाला सत्काराच्या दोन ओळी. मग चौकट: 'पाहुणे: कृष्णकांत पिंपळखुटे. सामना तीनचा, आगमन पावणेपाचनंतर. कारण: घरी झोपले होते. परिणाम: निकाल अंधारात.' आणि ती पान लावणाऱ्या पुष्करकडे पाठवली. पुष्कर चांगला पोरगा, त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पाचच मिनिटांत तो त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"सर, मालकांचा फोन होता. तुमच्या सत्काराचा फोटो चार कॉलम घ्यायचा आहे. काहीही झालं तरी."

"मग?"

"मग जागा उरली नाही. चौकट काढली. तशीही तुमच्याबद्दल असं कसं छापणार? आणि बातमी थोडी कापली."

"खालून?"

"यावेळी वरून, सर. तुम्ही उलटी लिहिता हे आम्हाला ठाऊक आहे नं," पुष्कर जरा अभिमानाने म्हणाला. "सत्काराचा भाग शाबूत राहावा म्हणून मुलींची नावं काढली."

कृष्णकांतांनी टेबलावरची पेन्सिल उचलली आणि मोडली. ओरडावं, तर कोणावर? याला कापायला आपणच शिकवलं. त्या अनंतरावाने प्रेमाने फसवलं. बायको प्रेमाने गप्प राहिली. हा प्रेमाने कात्री चालवतोय. आयुष्यभर जी नावं छापायची म्हणून भांडलो ती सगळ्यांनी मिळून, आपल्यावरच्या जिव्हाळ्यापोटी, केराच्या टोपलीत टाकलं. आजवर चौकटीत गेलेल्या पाहुण्यांना तरी कोणी खरी वेळ सांगितली होती की नाही कोण जाणे. पण त्यांनी विचारलीही नव्हती, आणि आपणही विचारली नव्हती.

"फोटो दाखव," ते म्हणाले.

पुष्करने पडद्यावर फोटो आणला. पुढे शाल पांघरून कृष्णकांत, हातात नारळ, तोंड कडू. बाजूला अनंतराव आणि मंडळी, हसरी. आणि मागे, रोशनच्या कॅमेऱ्यात आपसूक आलेल्या, मैदानाच्या कडेला मातीत ओळीने बसलेल्या बारा पोरी. स्वेटर घातलेल्या, गुडघ्यांना मिठी मारलेल्या, सगळ्या व्यासपीठाकडे बघणाऱ्या.

"हा फोटो चार कॉलम?"

"हो सर."

"फोटोखालची ओळ कापायला मालकांनी सांगितलं आहे का?"

"नाही. ती तर लागेलच. डावीकडून."

"सरक," कृष्णकांत म्हणाले आणि त्याच्या खुर्चीत बसले. त्यांनी टाइप केलं: 'सामना सुरू होण्याची वाट पाहताना, डावीकडून, रीना धुर्वे, मेघा बागडे, दीपाली रेवतकर, चेतना बारमासे, करिश्मा उईके, शिवानी कळंबे, आम्रपाली गजभिये, निकिता दातीर, भाग्यश्री चौधरी, पायल नारनवरे, समीक्षा खरपुरिया आणि उज्ज्वला वंजारी. पुढे शाल पांघरून उभे आहेत ते उशिराचं कारण.'

पुष्करने वाचलं. "सर, अनंतराव आणि मंडळींची नावं?"

"जागा नाही."

"मालक मला खातील."

"मले खातील. माझं काय, पंधरा दिवस राहिले. जाऊ दे पान."

पुष्करने थोडा वेळ कान खाजवला आणि पान सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो बघून प्रेमलताबाई म्हणाल्या, "मीही होती की तिथे. माझं नाव कुठाय?" आणि दिवसभर अबोला धरला. अनंतरावांचे फोन आले ते कृष्णकांतांनी घेतले नाहीत. मालकांचा आला तो घेतला, सगळं ऐकून घेतलं आणि "बरोबर आहे तुमचं" म्हणाले. त्यांची चिडचिड काही केल्या उतरत नव्हती. नावं छापली म्हणून काय झालं? रीनाचा हात टाचेला लागला होता की नाही, हे आता जगात कोणालाच कळणार नव्हतं. तीनला गेलो असतो तर लख्ख दिसलं असतं.

आठवडाभराने मायाचा फोन आला. ते घ्यावा की न घ्यावा करत शेवटी घेतला.

"सर, बाराच्या बारा नावं आले!" ती म्हणाली. "गावात पेपर संपले. दुसऱ्या गावावरून आणले. हेडमास्तरनं फ्रेम केली, कचेरीत लावली. पोरी रोज येऊन पाहून जातात."

"चांगलं झालं," कृष्णकांत म्हणाले.

"फक्त एक झालं सर. तुमी राग नका धरू." मायाने आवाज उतरवला. "फ्रेम लहान होती. फोटो बसून नव्हता राहिला. मंग पोरींनी पुढचा भाग कापला. तुमी, ते अनंतराव, सारेच गेले. फक्त पोरी ठेवल्या."

कृष्णकांतांनी डोळे मिटून ती फ्रेम पाहिली. त्या मातीत बसलेल्या ओळीसमोर आता कोणीच उभं नव्हतं.

"सर? रागावले का?"

"नाही गं," ते म्हणाले. "बरोबर ठिकाणी कापलं."